अण्णांच्या हाताचे गुण

"आजोबा, हा चेंडू उचलून वरच्या फळीवर ठेवा बघू."

टेबलावर क्रिकेटचा चेंडू होता. ज्या हातांनी अण्णांनी जन्मभर झेल्याने देठासकट हापूस उतरवला, त्यातला उजवा कसाबसा चेंडूपर्यंत गेला. बोटे उघडलीच नाहीत. चेंडू घरंगळत माझ्या पायाशी आला. मुलीने कागदावर शून्य लिहिले.

अर्धांगवायूला तेव्हा सहा आठवडे झाले होते. रत्नागिरीत आमच्या घराला तेल आणि मालीश एवढेच उपचार ठाऊक. व्यवसायोपचार हा शब्दही नवा. वास्तविक त्याची देशातली पहिली शाळा १९५० साली आपल्याच मुंबईत, के.ई.एम. रुग्णालयात निघाली. ती काढणाऱ्या कमलाताई निंबकर मूळच्या अमेरिकन!

घरी जो तो येई आणि "अण्णा, माझा हात आवळा" म्हणे. अण्णा आवळत, सगळे खूश. पण मूठ मिटणे बहुधा आधी येते, उघडणे मागाहून. आणि न उघडणाऱ्या हाताने पेला धरायचा कसा? रोनाल्ड लाइल यांनी १९८१ साली मांडलेल्या या चाचणीत म्हणूनच नुसते आवळणे चालत नाही. लहानमोठे ठोकळे उचलायचे, गोटी चिमटीत धरायची, एका पेल्यातले पाणी दुसऱ्यात ओतायचे, हात डोक्यामागे न्यायचा. अशा १९ कृती. मुळीच न जमल्यास शून्य, अर्धवट जमल्यास एक, पूर्ण पण कष्टाने केल्यास दोन, सहज केल्यास तीन. एकूण गुण ५७. म्हाताऱ्या माणसाची ही परीक्षा मला क्रूर वाटली, हे कबूल करतो. पण काय जमते आणि नेमके कुठे अडते, हे तिनेच दाखवले.

पहिल्या दिवशी अण्णांना ९ मिळाले. तीन महिन्यांनी ३४! मी पेढे आणायच्या बेतात होतो. तेवढ्यात त्या मुलीने आईला विचारले, "आजी, घरी उजव्या हाताने काय काय करतात?"

आई गप्प. चहा ती पाजते, गुंड्या ती लावते, चष्माही तीच चढवते. येत असूनही हात मांडीवर पडून. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी न वापरण्याच्या या सवयीचा बराच अभ्यास केला आहे. सुरुवातीला हात चालत नाही म्हणून वापरायचा राहतो, आणि पुढे चालू लागला तरी राहतोच.

"चहा सांडला तर भाजेल ह्यांना," आई उसळली. "मी काय नुसती बघत बसू, बाय?"

"कोमट द्या, अर्धा कप. आणि हो, बसून बघा."

वाटेत आई एक अक्षर बोलली नाही. तीन महिने तिने जिवाचे रान केले होते, आणि आता हे ऐकायचे.

संध्याकाळी तिने पडवीत अण्णांच्या उजव्या बाजूला कप ठेवला. अण्णांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. हात निघाला. बोटे उघडायला बराच वेळ लागला. कप उचलला, कलंडला, धोतरावर डाग पडला. आई उठली, आणि पुन्हा बसली.