कानाने वाजवणे आणि नोटेशन वाचणे: आजारपणात एक मार्ग बंद झाला तर?

भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या अनेकांनी आयुष्यात कधी नोटेशन वाचलेले नसते. गाणारा काळी एकमध्ये गातोय की पांढरी पाचमध्ये, हे ते ऐकून ओळखतात आणि बोटे आपोआप चालू लागतात. याउलट, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा दिलेल्या अनेकांना समोर स्वरलिपीची वही असली की बरे वाटते. व्हायोलिन किंवा पियानो पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेले लोक तर पाच रेघांवरचे नोटेशन पाहूनच वाजवतात.

हा फरक एरवी फक्त सवयीचा असतो. पण पक्षाघात, विस्मरणाचा आजार, पार्किन्सन्स किंवा बहिरेपणा आला, की तो महत्त्वाचा ठरतो. "बाबांना आता पेटी जमत नाही, उगाच त्रास नको म्हणून काढून ठेवू का?" असे घरचे लोक विचारतात. याचे उत्तर देण्यापूर्वी नेमके काय जमत नाही हे पाहावे लागते. कारण या दोन्ही कौशल्यांसाठी मेंदूचे बरेचसे वेगवेगळे भाग लागतात आणि एक बिघडले तरी दुसरे शाबूत असू शकते.

मेंदूत नेमके काय घडते?

कानाने वाजवताना सूर कानातून मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागात पोहोचतो. तिथे त्याची उंची आणि चाल ओळखली जाते. ती चाल काही सेकंद लक्षात धरून मेंदू तिचे बोटांच्या हालचालीत रूपांतर करतो. वर्षानुवर्षे वाजवलेली गाणी हालचालींच्या स्मरणात जातात. सायकल चालवणे किंवा पोळी लाटणे याच प्रकारच्या स्मरणात असते. त्यात मेंदूच्या आतल्या खोल केंद्रांचा आणि लहान मेंदूचा मोठा वाटा असतो.

नोटेशन वाचताना सुरुवात डोळ्यांपासून होते. डोळ्यांना दिसलेले चिन्ह मेंदूच्या मागच्या भागात ओळखले जाते. ते वर आहे की खाली, आधी आहे की नंतर, हे ठरवण्याचे काम मेंदूच्या वरच्या-मागच्या भागात होते आणि मग बोटांना आज्ञा जाते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, संगीताची पार्श्वभूमी नसलेल्या प्रौढांना सुमारे 15 आठवडे नोटेशन वाचून की-बोर्ड वाजवायला शिकवले गेले. नोटेशन वाचताना त्यांच्या मेंदूच्या याच वरच्या-मागच्या भागाच्या कामात बदल दिसला. म्हणजे प्रौढ वयातही हा मार्ग तयार होऊ शकतो.

आपली स्वरलिपी आणि पाश्चात्त्य नोटेशन यांतही फरक आहे. पाश्चात्त्य नोटेशनमध्ये सूर कुठल्या रेघेवर आहे हे पाहायचे असते, म्हणजे जागा ओळखायची असते. आपण सा, रे, ग, म ही अक्षरे वाचतो. त्यामुळे पक्षाघातानंतर मराठी अक्षरे वाचणे अवघड झाले असेल, तर स्वरलिपी वाचणेही अवघड जाण्याची शक्यता असते.

पक्षाघातानंतर काय होऊ शकते?

मेंदूचा कोणता भाग दुखावला आहे त्यावर हे अवलंबून असते.

- वाचन जाते, कान राहतो. मेंदूच्या डाव्या मागच्या भागात इजा झाल्यास दिसत असूनही अक्षरांचा किंवा नोटेशनचा अर्थ लागत नाही. काही रुग्ण लिहू शकतात, पण स्वतःच लिहिलेले वाचू शकत नाहीत. ऐकलेली चाल मात्र ते वाजवू शकतात.
- पानाचा डावा भाग सुटतो. मेंदूच्या उजव्या बाजूच्या पक्षाघातात डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही. रुग्ण ओळ मधूनच वाचायला सुरुवात करतो किंवा पेटीच्या डाव्या पट्ट्या विसरतो. हा डोळ्यांचा दोष नसतो, त्यामुळे चष्मा बदलून उपयोग होत नाही.
- चाल ओळखू येत नाही. ओळखीचे गाणे "नुसता आवाज" वाटते किंवा स्वतःचा बेसूर कळत नाही. पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हे बऱ्याच रुग्णांत आढळते आणि अनेकांमध्ये पुढच्या काही महिन्यांत सुधारते.
- बोलणे जाते, गाणे राहते. एक वाक्यही बोलता न येणारा रुग्ण ओळखीचा अभंग किंवा आरती शब्दांसकट गाऊ शकतो. हे ढोंग नाही. वाचा-उपचारतज्ज्ञ काही रुग्णांत याचाच वापर करून बोलणे परत आणण्याचा प्रयत्न करतात.

रशियन संगीतकार विस्सारिओन शेबालिन यांचे उदाहरण वैद्यकशास्त्रात प्रसिद्ध आहे. 1953 आणि 1959 मध्ये त्यांना दोनदा पक्षाघाताचा झटका आला. दुसऱ्या झटक्यानंतर बोलणे आणि दुसऱ्याचे बोलणे समजणे फारच कठीण झाले, तरी त्यांनी संगीतरचना चालू ठेवली आणि 1962 मध्ये आपली पाचवी सिम्फनी पूर्ण केली. भाषा आणि संगीत मेंदूत एकमेकांपासून किती वेगळे राहू शकतात, हे यातून दिसते.

विस्मरणाच्या आजारात

अल्झायमर्समध्ये सकाळी काय खाल्ले हे आठवत नाही, पण चाळीस वर्षे वाजवलेले भजन बोटांतून येते. हालचालींचे स्मरण बराच काळ टिकते, म्हणून असे होते. रागाचे नाव सांगता येत नाही, वहीतले पान सापडत नाही, पण पेटी समोर ठेवून कोणी पहिली ओळ गुणगुणली की पुढचे जमते. अशा वेळी "कुठला राग आहे सांगा पाहू" असे विचारल्याने रुग्ण गोंधळतो आणि वाजवणेही थांबवतो.

एका वेगळ्या, कमी आढळणाऱ्या आजाराकडेही लक्ष द्यायला हवे. त्यात सुरुवातीला स्मरणशक्ती बरी असते, पण मेंदूचा मागचा भाग हळूहळू झिजतो. दिसते, पण दिसलेल्याचा अर्थ लागत नाही. मेंदूविकारतज्ज्ञ आणि लेखक ऑलिव्हर सॅक्स यांनी अशा एका पियानोवादिकेबद्दल लिहिले आहे. तिला सर्वांत आधी नोटेशन वाचता येईनासे झाले, नंतर साधी अक्षरे. त्यानंतरही अनेक वर्षे ती स्मरणावर आणि कानावर उत्तम वाजवत होती. असे रुग्ण बरेचदा आधी चष्म्याच्या दुकानात जातात, दोन-तीन वेळा नंबर बदलतात आणि निदानाला उशीर होतो. डोळे तपासून ठीक निघाले आणि तरी वाचन बिघडत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा.

पार्किन्सन्समध्ये

या आजारात आतून लय धरून हालचाल सुरू करणे अवघड होते. बाहेरून लय मिळाली तर मदत होते. तबल्याचा ठेका देणारे अ‍ॅप किंवा मेट्रोनोम लावून वाजवून पाहा. हाच उपाय चालताना पाय अडखळणाऱ्या काही रुग्णांनाही उपयोगी पडतो, पण तो फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करा.

कान किंवा डोळे कमजोर झाले तर

वयानुसार आधी बारीक, उंच आवाज ऐकू येणे कमी होते. तानपुऱ्याचा नाद "बोथट" वाटू लागतो. श्रवणयंत्रे मुख्यतः बोलणे ऐकण्यासाठी लावलेली असतात. पेटीचा लांबलेला सूर यंत्र कधी कधी स्वतःचीच शिट्टी समजते आणि दाबून टाकते. त्यामुळे "यंत्र लावले की संगीत खराब वाटते" अशी तक्रार असेल, तर ऑडिओलॉजिस्टकडे वाद्य घेऊन जा आणि संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम मागा. दोन कानांना एकच सूर वेगवेगळ्या उंचीचा ऐकू येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

आकडीसाठी किंवा चेहऱ्याच्या तीव्र मज्जातंतू-वेदनेसाठी दिले जाणारे कार्बामाझेपिन हे औषध काही थोड्या लोकांत सगळे सूर किंचित उतरलेले ऐकवते. औषध बदलल्यावर हा परिणाम जातो. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका, आकडी येऊ शकते. डॉक्टरांना सांगा.

डोळ्यांबाबत एक साधी गोष्ट बरेचदा राहून जाते. जवळचा चष्मा साधारण 40 सेंटिमीटर अंतरासाठी असतो, तर स्टँडवरचे नोटेशन 50 ते 70 सेंटिमीटरवर असते. नेत्रतज्ज्ञांना हे अंतर मोजून सांगा. भातखंडे स्वरलिपीत मंद्र सप्तकासाठी अक्षराखाली आणि तार सप्तकासाठी वर छोटा टिंब असतो, कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. हे टिंब दिसले नाहीत की सप्तकच चुकते आणि घरच्यांना वाटते, विसरायला लागले. पान दुप्पट मोठे करून छापून द्या आणि भरपूर उजेड ठेवा. चूक तेवढ्याने गेली, तर कारण बहुधा डोळ्यांतच होते.

घरच्यांनी काय करावे?

आधी तीन-चार दिवस शांतपणे निरीक्षण करा आणि पुढील गोष्टी लिहून ठेवा. तपासणीच्या वेळी त्या फार उपयोगी पडतात.

1. ओळखीचे गाणे लागले की चेहऱ्यावर ओळख दिसते का?
2. स्वतः गुणगुणता येते का? सूर आणि शब्द दोन्ही येतात का?
3. ऐकून वाजवता येते का?
4. वही पाहून वाजवता येते का? पानाची एखादी बाजू सुटते का?
5. अडचण समजण्यात आहे की हाताच्या ताकदीत?

मग जो मार्ग शाबूत आहे तिथून सुरुवात करा.

- वाचता येत नसेल तर वही बाजूला ठेवा. एक-एक ओळ वाजवून किंवा गाऊन दाखवा. मोबाइलवर संथ गतीत रेकॉर्ड करून द्या.
- ऐकून लक्षात राहत नसेल तर मोठ्या अक्षरांत फक्त एक ओळ लिहून द्या. पट्ट्यांवर सा, रे, ग चिकटवा.
- डावी बाजू सुटत असेल तर पानाच्या डाव्या कडेला लाल जाड रेघ मारा आणि प्रत्येक ओळ त्या रेघेपासून सुरू करायला सांगा.
- उजवा हात कमजोर असेल तर भाता घरातील दुसऱ्याने मारावा. रुग्णाने डाव्या हाताने एकेक सूर वाजवला तरी पुरे.
- एका वेळी 10 ते 15 मिनिटे बसा. थकवा किंवा चिडचिड दिसली की थांबा.
- चूक दाखवण्याऐवजी सोबत वाजवा. परीक्षा घेऊ नका.

वाजवणे अजिबात जमत नसेल तरी आवडीचे संगीत ऐकवा. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील अभ्यासात, पक्षाघातानंतर पहिले दोन महिने रोज स्वतःच्या आवडीचे संगीत ऐकणाऱ्या रुग्णांची शाब्दिक स्मृती आणि एकाग्रता, पुस्तकांचे ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यांपेक्षा व काहीच न ऐकणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. मात्र संगीत हे औषधे, फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार यांना पर्याय नाही. ते त्यांच्या जोडीला हवे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*साठीनंतर नोटेशन शिकावे का?*
आवड असेल तर जरूर. नवीन कौशल्य शिकण्याला वयाची अट नाही, वेग मात्र कमी असतो. पण "विस्मरण टळेल" अशी खात्री कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

*कानाने वाजवणाऱ्यांचा मेंदू जास्त तल्लख असतो का?*
नाही. दोन्ही कौशल्ये सरावाने येतात. दोन्ही येत असतील, तर आजारपणात आधाराला एक जास्तीचा मार्ग असतो, इतकाच फायदा.

*मुलाला वाचनाची अडचण आहे. त्याला वाद्य शिकवावे का?*
हो. अक्षरे वाचायला त्रास होणाऱ्या मुलांना नोटेशनही अवघड जाऊ शकते. शिक्षकांना तसे आधीच सांगा आणि कानाने शिकवायला सुरुवात करायला सांगा. नोटेशन येत नाही म्हणजे संगीत येत नाही, असे नाही.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा जावे?

कालपर्यंत वाचता येणारे नोटेशन, वर्तमानपत्र किंवा घड्याळ अचानक समजेनासे झाले, ओळखीचे गाणे अचानक विचित्र ऐकू येऊ लागले, किंवा वाजवता वाजवता एक हात जड पडला, तर तो पक्षाघात असू शकतो. सोबत चेहरा वाकडा होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचे न दिसणे ही लक्षणे असली किंवा नसली, तरी थांबू नका. लक्षणे काही मिनिटांत आपोआप गेली, तरीही त्याच दिवशी तपासणी हवी, कारण तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि जितके लवकर तितका फायदा जास्त. महाराष्ट्रात 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. सिटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या आणि रुग्ण शेवटचा पूर्ण बरा केव्हा दिसला ती वेळ डॉक्टरांना सांगा.

बिघाड हळूहळू, काही महिन्यांत वाढत गेला असेल, तर घाई नाही, पण टाळाटाळही नको. आधी डोळे आणि कान तपासा. ते ठीक असतील तर वरच्या पाच निरीक्षणांचा कागद घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा. आणि तोपर्यंत पेटी माळ्यावर टाकू नका.