दिशा वळवा, स्पिन वळेल

इलेक्ट्रॉनचा स्पिन म्हणजे त्याच्या अंगचं इवलंसं चुंबकत्व. तो हवा तसा वळवायचा कसा? सरळ उपाय म्हणजे बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावायचं. पण मेमरी चिपवर बिट इतके दाटीनं बसलेले असतात की नेमक्या एकालाच क्षेत्र लावणं कठीण, शेजारचेही हलतात. मग नुसत्या विजेनं हे जमेल का?

इथे टोपोलॉजिकल इन्सुलेटर कामाला येतात. आतून विद्युतरोधक, पृष्ठभागावर मात्र सुवाहक. उदाहरणार्थ, बिस्मथ सेलेनाइड. बिस्मथचा अणू जड, त्यामुळे इलेक्ट्रॉनची गती आणि त्याचा स्पिन यांचं नातं इथे फार घट्ट असतं. पृष्ठभागावर तर स्पिन गतीच्या दिशेला काटकोनात बांधलेलाच असतो.

घाण्याचा बैल आठवा. तो कायम एकाच बाजूनं फिरतो आणि खांब नेहमी त्याच्या उजव्या हाताला. बैलाचं तोंड पूर्वेला असेल तेव्हा खांब दक्षिणेला; तोंड पश्चिमेला, तर खांब उत्तरेला. बैलाचं तोंड म्हणजे इलेक्ट्रॉनची दिशा, खांबाची दिशा म्हणजे स्पिन. एक कळलं की दुसरं कळलंच.

आता यातली गंमत बघा. पृष्ठभागावरून विद्युतप्रवाह सोडला की एका दिशेनं जाणारे इलेक्ट्रॉन जास्त होतात, म्हणजेच एका बाजूचे स्पिन जास्त होतात. प्रवाह उलटा केला, की स्पिनही उलटे! वेगळा चुंबक लागत नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही. २०१४ मध्ये कॉर्नेल आणि पेन स्टेट विद्यापीठांच्या संशोधकांनी बिस्मथ सेलेनाइडवर पर्मलॉयचा, म्हणजे निकेल आणि लोखंडाच्या चुंबकीय मिश्रधातूचा, पातळ थर दिला. खालून प्रवाह सोडल्यावर वरच्या चुंबकत्वाला जोरदार पीळ बसला, आणि तोही खोलीच्या तापमानाला. कमी प्रवाहात बिट लिहिता आला, तर वीज वाचेल आणि चिप कमी तापेल. सगळा खटाटोप त्यासाठी.

प्रकाशानंही हे साधतं. २०१२ मध्ये एमआयटीत वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश पाडून पृष्ठभागावर प्रवाह निर्माण केला गेला. प्रकाशाच्या फिरण्याची बाजू बदलली, की त्या प्रवाहातला एक हिस्सा उलट दिशेनं वाहायचा.

मग अडतंय कुठे? स्फटिकाच्या आतच. बिस्मथ सेलेनाइडमध्ये काही ठिकाणी सेलेनियमचे अणू गळालेले असतात. या रिकाम्या जागा जास्तीचे इलेक्ट्रॉन देतात आणि रोधक म्हणवणारा गाभाही वीज वाहू लागतो. मग प्रवाहाचा मोठा वाटा आतूनच निसटतो, आणि मिळालेला पीळ पृष्ठभागाचा किती, गाभ्याचा किती, हे ठरवणं अवघड होतं. म्हणून टेल्युरियम, अँटिमनी योग्य प्रमाणात मिसळून गाभा ‘गप्प’ करण्याचे प्रयत्न चालतात.

तेव्हा यापुढे अशा शोधाची बातमी वाचलीत, तर एक प्रश्न जरूर विचारा: यातला प्रवाह खरोखर पृष्ठभागावरून किती गेला?