कवेलू गेले, झोप गेली!

गेल्या मे महिन्यात गोंदियाजवळच्या कुडव्याला मामींकडे गेलो. जुने कवेलूंचे घर जाऊन तेथे सिमेंटचा स्लॅब पडला होता. मी कौतुक करणार, तोच मामी म्हणाल्या, "घर पक्कं झालं बाप्पा, पण झोप गेली!"

खरेच होते. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते आपल्या अंगावर सोडतो. कवेलूंच्या थरांत हवा खेळे, तापलेली हवा फटींतून वर निघून जाई.

"मग पुन्हा कवेलू घाला."

"दर पावसाळ्याआधी फेरायला माणूस कुठून आणू? आणि वानरं?"

मी निरुत्तर झालो. मग मला एका भुंग्याची आठवण झाली. आग्नेय आशियातला सायफोकिलस हा भुंगा पांढराशुभ्र दिसतो तो रंगामुळे नव्हे, तर खवल्यांतील बारीक जाळीमुळे. ती प्रकाश परतवून लावते. हाँगकाँगच्या सिटी विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली त्याच धर्तीवर सच्छिद्र सिरॅमिक तयार केले. ते सूर्यप्रकाशाचा ९९.६ टक्के भाग परत फेकते. म्हणजे पुन्हा भाजलेली कौलेच की!

ती काही गोंदियाच्या बाजारात मिळाली नाहीत, चुना मिळाला. संध्याकाळी गच्चीवर त्याचे दोन हात दिले. चुन्याला भुंग्याची सर नाही, पण दोन दिवसांनी मामी घरात झोपल्या.

"पावसानं धुपेल, दरवर्षी द्यावा लागेल," मी बजावले.

"म्हणजे फेरणं सुटलं नाहीच!" मामी हसल्या. "पण वानरं चुना तर फोडत नाहीत!"