दर मिनिटाचा रोजमेळ

११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुट्टीचा दिवस. त्या दुपारी तीनच्या सुमारास पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर मुख्यालय असलेल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या बनावट कार्डांवर जगभरच्या एटीएममधून रोकड निघू लागली आणि रात्री दहापर्यंत निघत राहिली. २८ देशांत सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी रुपये गेले, देशात रूपे कार्डांच्या २,८४९ व्यवहारांतून अडीच कोटी. दीड दिवस उलटला आणि सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टच्या संदेशांवरून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यात जमा झाले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. १९०६ साली स्थापन झालेल्या, दोन महायुद्धे आणि पानशेतचा पूर पाहिलेल्या या बँकेला एवढा फटका कुण्या दरोडेखोराने कधी दिला नव्हता. गंमत अशी, की ज्यांच्या नावाची कार्डे वापरली त्या खातेदारांच्या खात्यातून एक रुपयाही वजा झाला नाही. ‘नियंत्रण कक्ष आधुनिक करा’ असे आज जो तो म्हणतो. त्याचा अर्थ लावायचा तर या गमतीपासून सुरुवात करायला हवी.

एटीएममध्ये कार्ड घातले की विचारणा बँकेच्या स्विचकडे येते, स्विच ती कोअर बँकिंगकडे पाठवतो, तिथे शिल्लक तपासली जाते आणि ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ असे उत्तर परत जाते. हल्लेखोरांनी स्विचच्या जागी आपला एक तोतया स्विच उभा केला. विचारणा तिथपर्यंतच यायची आणि तिथूनच होकार जायचा. खातेवहीपर्यंत ती पोचतच नव्हती. कुंपणच शेत खात होते. आता कल्पना करा, की त्या दुपारी एखाद्या झगमगीत कक्षात भिंतभर पडदे लावून कोअर बँकिंगवर नजर ठेवणारी माणसे बसली आहेत. त्यांना काय दिसले असते? सुट्टीच्या दुपारी दिसते तेच: खाती शांत, सर्व्हर चालू, दिवे हिरवे. संशयास्पद व्यवहार तिथे नव्हताच, कारण तिथे व्यवहारच नव्हता. खूण एकाच ठिकाणी होती: व्हिसा या कार्ड-कंपनीच्या हिशेबात पैसे दिले जात होते आणि बँकेच्या हिशेबात ते दिले जात नव्हते. दोन वह्या एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि त्या बोलत नाहीत हे त्याच क्षणी पाहणे हे कुणाचेही काम नव्हते.

जुन्या पेढीवरचा मुनीम हे रोज करत असे. दिवे लागले की गल्ल्यातली रोकड मोजायची, वहीशी ताडून पाहायची, आणि रोजमेळ बसल्याशिवाय घरी जायचे नाही. बँकांनीही ही शिस्त जपली: तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे, नोंद एकाने करायची आणि मंजुरी दुसऱ्याने द्यायची. व्यवहार संगणकावर गेले तेव्हा त्यांचा वेग लाखपटीने वाढला. रोजमेळ मात्र दिवसाचा दिवसालाच राहिला, सुट्टी आली की दोन दिवसांचा. एटीएमची लूट सात तासांत उरकते आणि जुळणी दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी होते, या फटीतच सगळा घोटाळा मावला. म्हणून आधुनिकीकरणाची कसोटी एकच: एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन नोंदींचा ताळा किती मिनिटांत बसतो. पडदे किती, कॅमेरे किती, सॉफ्टवेअर कुठल्या कंपनीचे, हे नंतरचे प्रश्न. दुर्दैवाने निविदांमध्ये तेच आधी येतात.

हे केवळ पुण्याचे दुखणे नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हकडे ३५ आदेश गेले, जवळजवळ ९५ कोटी डॉलरचे. वेळ निवडली ती गुरुवारची रात्र, कारण ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी न्यूयॉर्क बंद, आणि सोमवारी फिलिपिन्समध्ये चिनी नववर्ष. स्विफ्टचे संदेश कागदावर उतरवणारे छपाईयंत्र आधीच बंद पाडले होते. यंत्रे नेहमीच बिघडतात, हेही बिघडले असेल, असे तिथल्या लोकांना वाटले. एका जुनाट छपाईयंत्रातून निघालेला कागद हाच त्या बँकेचा ‘दुसरा साक्षीदार’ होता. तो मुका झाला, तेव्हा मुकेपणालाच धोक्याची घंटा समजणारी व्यवस्था नव्हती. ८ कोटी १० लाख डॉलर मनिलात पोचले. चोर कॅलेंडर पाहून येतात, हे दोन्ही प्रकरणांत सारखेच.

पण घंटा वाजली तरी पुरेसे नसते. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीवर २०१३ च्या अखेरीस हल्ला झाला आणि सुमारे चार कोटी कार्डांचा तपशील गेला. तिची पहारा-यंत्रणा नवीकोरी होती आणि तिने काम चोख केले. बेंगळुरूत बसलेल्या पथकाला इशारे दिसले, त्यांनी ते मिनियापोलिसच्या मुख्यालयाला कळवलेही. पुढे काहीच झाले नाही. म्हणजे कक्षात बसलेल्याला दिसते, पण थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. ज्याच्याकडे असतो तो झोपलेला असतो, बैठकीत असतो किंवा ‘उद्या बघू’ म्हणतो. आपल्याकडे तर रात्रपाळीला सगळ्यात नवखा, बहुतेक वेळा कंत्राटी मुलगा बसवतात. त्याने घाबरून स्विच बंद केला आणि धोका खोटा निघाला, तर मेमो त्यालाच मिळणार. अशा मुलाच्या समोर शंभर पडदे लावले तरी तो हातातला फोनच फिरवत बसणार, साहेब उचलेपर्यंत.

यावर पहिला आक्षेप रास्तच आहे: अधिकार दिला तर रोज कुणी तरी काही तरी बंद करेल. लांडगा आला रे आला या गोष्टीतल्यासारखी गत होईल आणि लग्नाच्या खरेदीला निघालेल्या प्रामाणिक ग्राहकाचे कार्ड काउंटरवर अडेल. पण उपाय सगळे किंवा शून्य असाच असावा लागत नाही. परदेशातली रोकड काढणी तेवढी अर्धा तास थोपवता येते, एटीएमची एकूण मर्यादा उतरवता येते, आणि कुठल्या आकड्यावर काय बंद करायचे हे आधीच लिहून ठेवले तर रात्रपाळीच्या मुलाला धाडस करावे लागत नाही, नियम पाळावा लागतो. खोट्या इशाऱ्यांबद्दलही हेच. एका बाजूची ‘विचित्र’ वागणूक शोधणारे यंत्र भरमसाट इशारे देते. दोन वह्यांतला फरक मात्र असतो किंवा नसतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कौतुकात हा साधा फरक हरवतो.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो अधिक अवघड. महाराष्ट्रात पेठेपेठेत, तालुक्यातालुक्यात नागरी सहकारी बँका आहेत. चार शाखांच्या बँकेने चोवीस तासांचा कक्ष कुठून चालवायचा? व्यापारी बँकांना रिझर्व्ह बँकेने असा कक्ष २ जून २०१६ च्या परिपत्रकानेच सांगितला होता. नागरी सहकारी बँकांसाठी सविस्तर चौकट ३१ डिसेंबर २०१९ ला आली. बैल गेला अन् झोपा केला, असे म्हणण्याचा मोह होतो, पण चौकटीतला विचार शहाणपणाचा आहे. बँकांच्या चार पायऱ्या केल्या त्या ठेवींवरून नव्हे, तर बँक डिजिटल व्यवहारांत किती खोल उतरली आहे यावरून. ज्यांचा स्वतःचा एटीएम स्विच आणि स्विफ्टची जोडणी आहे त्या सगळ्यात वरच्या पायरीवर, आणि कक्ष त्यांना बंधनकारक. बाकीच्यांसाठी सामाईक कक्ष हाच मार्ग दिसतो. मार्च २०२४ मध्ये नागरी बँकांच्या राष्ट्रीय शिखर महामंडळाचे उद्घाटन झाले, तेव्हा तंत्रज्ञानाच्या सामाईक सोयी हाच त्यामागचा मोठा हेतू सांगितला गेला. सहकाराचा जन्मच एकट्याला न परवडणारे एकत्र येऊन परवडवण्यासाठी झाला. साखर कारखाना काढणाऱ्यांना सामाईक रात्रपाळी जमू नये, असे मानायचे कारण नाही. फक्त कक्ष सामाईक झाला म्हणून जबाबदारी सामाईक, म्हणजे कुणाचीच नाही, असे होता कामा नये.

कॅमेऱ्यांचे काय, असे कुणी विचारेल. १ ऑगस्ट २०१२ च्या जंगली महाराज रस्त्यावरच्या साखळी स्फोटांनंतर पुण्यात चौकाचौकांत कॅमेरे आले, आणि नियंत्रण कक्ष म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पोलीस आयुक्तालयातली पडद्यांची भिंत येते. कॉसमॉसच्या तपासातही एटीएमवरच्या चित्रीकरणाचा उपयोग झाला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. पण ते बनावट कार्डे घेऊन यंत्रांपुढे उभे राहणारे हात होते. कॅमेऱ्याला त्या दिवशी दिसले ते एवढेच, की एक माणूस एटीएममधून पैसे काढतो आहे. तोतया स्विच उभा करणारे डोके कुठल्याच चौकटीत आले नाही.

हाँगकाँगला गेलेली रक्कम तिथल्या खात्यात होती, म्हणून तिचा काही भाग गोठवून परत आणता आला. २८ देशांतल्या यंत्रांतून निघालेल्या नोटा मात्र शनिवारी रात्री दहालाच कुणाकुणाच्या खिशात गेल्या होत्या.