शालेय मानसशास्त्राचे पदव्युत्तर प्रशिक्षण आणि व्यावसायिक कार्यसंचिका

प्रस्तावना :
अमेरिकेत शालेय मानसशास्त्राच्या विस्तारास १९७५ चा अपंग बालकांच्या शिक्षणाचा कायदा मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरला. विशेष शिक्षण देण्यापूर्वी बालकाचे रीतसर मूल्यमापन करणे त्यामुळे शाळांना बंधनकारक झाले. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या तेथील शालेय मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या निकषांनुसार तज्ज्ञ पातळीचे प्रशिक्षण किमान तीन वर्षांचे असून त्यात १२०० तासांची आंतरवासिता असते. त्यांपैकी किमान ६०० तास शाळेतच व्हावे लागतात. या काळात प्रशिक्षणार्थीने केलेल्या कामाचा निवडक, साधार संग्रह म्हणजे व्यावसायिक कार्यसंचिका होय. तिचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संचिकेची आवश्यकता :
लेखी परीक्षेत उमेदवाराचे ज्ञान कळते. परंतु त्याच्या कामामुळे एखाद्या मुलाचे काही भले झाले काय, हे तीत कळत नाही. संघटनेच्या २०२० च्या निकषांत व्यवसायाची दहा कार्यक्षेत्रे सांगितली आहेत. माहितीवर आधारित निर्णय, सल्लामसलत, अध्ययनविषयक साहाय्य, मानसिक आरोग्य, कुटुंबाशी सहकार्य, कायदा व नीती ही त्यांपैकी काही. अनेक विद्यापीठांत संचिकेची मांडणी याच क्षेत्रांनुसार केली जाते. मात्र दहा कप्पे भरले म्हणजे संचिका झाली, ही समजूत बरोबर नाही. कार्यशाळांच्या प्रमाणपत्रांनी फुगलेली संचिका वजनाला जड असते, एवढेच.

व्यक्तिअभ्यास :
संचिकेचा गाभा म्हणजे व्यक्तिअभ्यास. समजा, तिसरीतील एक मुलगा वाचनात मागे आहे. प्रथम तो एका मिनिटात किती शब्द अचूक वाचतो, याच्या काही दिवसांच्या नोंदी घ्याव्या लागतात. अभ्यासक्रमाधारित मापनाची ही पद्धत मिनेसोटा विद्यापीठात स्टॅन्ली डेनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. त्यानंतर अडचणीच्या कारणाविषयी गृहीतक मांडायचे, उपाय योजायचा आणि तो ठरल्याप्रमाणे अमलात आला की नाही हेही तपासायचे. ही शेवटची पायरी बहुधा गाळली जाते. शिक्षिकेने आठवड्यातून चारऐवजी एकदाच सराव घेतला असेल, तर आलेख सपाट राहण्याचा दोष उपायाला देता येत नाही. आलेख सपाट दिसताच प्रशिक्षणार्थीने काय बदलले आणि का, याची नोंद असलेला अयशस्वी व्यक्तिअभ्यास परीक्षकाला अधिक काही सांगून जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मुलाच्या घरची भाषा वेगळी असल्यास प्रश्न अधिक बिकट होतो. न्यू जर्सीतील मराठी भाषक घरातला मुलगा इंग्रजी अडखळत वाचतो, तेव्हा ती अध्ययन अक्षमता आहे की दुसरी भाषा शिकण्याचा स्वाभाविक टप्पा? शक्य असेल तेथे मूल्यमापन मुलाच्या मातृभाषेत व्हावे, असे कायदा सांगतो. मराठी घरातील बोलण्याचा, आईवडिलांच्या मुलाखतीचा आधार न घेता काढलेल्या निष्कर्षामुळे मुलावर चुकीचा शिक्का बसू शकतो आणि तो पुढे वर्षानुवर्षे त्याच्या दप्तरी राहतो. म्हणूनच प्रशिक्षणार्थीने निष्कर्षाबरोबर त्यामागील विचारही चिंतनलेखनात नोंदविणे अपेक्षित असते.

गोपनीयता :
विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींना अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. केवळ नाव खोडल्याने ओळख लपत नाही. लहान गावातील शाळा, इयत्ता आणि एखादा दुर्मीळ आजार एवढ्यावरूनही मूल ओळखता येते. म्हणून शाळेचे नाव, जन्मतारीख, भावंडांचे उल्लेख, अहवालाच्या शीर्षपट्टीवरील मजकूर हे सर्व काढावे लागते. बुद्धिमापन चाचण्यांतील प्रश्न किंवा भरलेल्या उत्तरपत्रिका संचिकेत जोडणे तर वर्ज्यच, कारण प्रश्न बाहेर फुटले की चाचणीच निरुपयोगी होते. आता संचिका बहुधा संगणकीय स्वरूपात असते आणि तीच नोकरीच्या मुलाखतीतही दाखविली जाते. अशा वेळी परीक्षकांसाठीची प्रत व मुलाखतीसाठीची प्रत वेगळी ठेवणे, आणि दुसऱ्या प्रतीतून व्यक्तिअभ्यासाचे तपशील आणखी कमी करणे, हेच श्रेयस्कर.