पत्ता शेवटून वाचा

शेजारच्या काकूंनी परवा मोबाइल माझ्यापुढे धरला. 'वीजबिल थकले आहे, आज रात्री लाइट तोडण्यात येईल' असा मेसेज आणि खाली निळी लिंक. "यात सरकारचं नाव आहे रे. खरंच असेल ना?" नाव होतं, पण पत्त्याच्या सुरुवातीला. इंटरनेटचा पत्ता वाचायला आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही आणि भामटे नेमके तिथेच गाठतात. म्हणून हे काही गैरसमज दूर करायलाच हवेत.

गैरसमज : पत्त्यात ओळखीचं नाव दिसलं, म्हणजे साइट त्यांचीच.

वस्तुस्थिती : 'मु. पो. ओतूर, ता. जुन्नर, जि. पुणे' हा पत्ता गावाकडून जिल्ह्याकडे मोठा होत जातो. डोमेनचं, म्हणजे साइटच्या नावाचंही तसंच आहे. सुरुवातीचं 'https://' सोडून त्यापुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्या आणि शेवटून मागे वाचत या. 'महाराष्ट्र.गव्ह.इन' याच्या शेवटी 'गव्ह.इन' आहे, ते फक्त सरकारी संस्थांना मिळतं. पण 'महाराष्ट्र.गव्ह.इन.बिलभरा.कॉम' असा पत्ता कुणी रचला, तर त्याचा मालक 'बिलभरा.कॉम' घेणारा. त्याच्या डावीकडे हवं ते लिहायची त्याला मोकळीक असते. घराला 'पुणे' नाव दिलं म्हणून ते घर पुणे जिल्ह्यात येत नाही. बँकांसाठीही आता 'बँक.इन' हा राखीव शेवट आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना तिकडे जाण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती.

गैरसमज : कुलपाचं चिन्ह दिसलं की साइट विश्वासाची.

वस्तुस्थिती : कुलूप एवढंच सांगतं, की तुमच्या आणि त्या साइटच्या मधली माहिती वाटेत कुणाला वाचता येणार नाही. समोरचा माणूस सज्जन आहे की चोर, हे ते सांगत नाही. असं कुलूप चोरालाही फुकट मिळतं. हाच घोळ टाळण्यासाठी क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह बदललं.

गैरसमज : डोमेन नाव हाच साइटचा खरा पत्ता.

वस्तुस्थिती : यंत्रं एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. जुन्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटीच पत्ते होऊ शकतात. त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ मध्ये संपला, म्हणून त्याहून कितीतरी लांब पत्त्यांची नवी पद्धत वापरात येत आहे. नावं आहेत ती माणसांच्या सोयीसाठी. पूर्वी सगळ्या नावांची एकच यादी अमेरिकेत ठेवली जाई. ती आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेची रचना मांडली. आज तुम्ही नाव टाइप केलं, की आधी मुळाशी चौकशी होते, मग 'इन'च्या नोंदवहीत, मग त्या साइटच्या नोंदीत. म्हणजे यंत्रसुद्धा पत्ता शेवटूनच वाचतं! मिळालेलं उत्तर काही काळ जपून ठेवलं जातं, त्यामुळे दर वेळी हा फेरा पडत नाही.

गैरसमज : डोमेन घेतलं की कायमचं आपलं.

वस्तुस्थिती : ते भाडेपट्ट्यासारखं आहे. 'कॉम' किंवा 'इन' एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी मिळतं. नूतनीकरण राहिलं, तर सवलतीच्या ठरावीक मुदतीनंतर ते दुसरा कुणीही घेऊ शकतो. संस्थेचं डोमेन असेल, तर नोंदणीचा ईमेल आणि पासवर्ड एकाच कार्यकर्त्याकडे ठेवू नका.

गैरसमज : पत्ता इंग्रजीतच असावा लागतो.

वस्तुस्थिती : २०१४ पासून देवनागरीत '.भारत' मिळतं. आतून यंत्रासाठी त्याचं रोमन अक्षरांत रूपांतर होतं, आपण मात्र मराठीतच टाइप करायचं.

काकूंना ओतूरचा दाखला दिला आणि तोच मेसेज पुन्हा उघडला. लिंकला हात न लावता, बोटाने दाखवत त्यांनी पत्ता शेवटून वाचला आणि म्हणाल्या, "अगं बाई, हा तर भलत्याच जिल्ह्यातला!" मेसेज पुसला. चुकून कधी पैसे गेलेच, तर क्षणही न दवडता १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा, हेही त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलं.