पेढीचे संकेतस्थळ आणि यांत्रिक तपासणीची पूर्वतयारी

आपल्या सुरत शहरातील हिऱ्यांचे व्यवहार महिधरपुरा आणि वराछा येथील बाजारांत आजही पुडी उघडून, भिंग लावून व जांगडचिठ्ठी लिहून होत असतात. २०२३ साली खजोद येथे चार हजारांहून अधिक कचेऱ्यांची सूरत डायमंड बोर्सची वास्तू उघडली, तीही अशाच प्रत्यक्ष भेटींसाठी. तथापि अँटवर्प किंवा हाँगकाँग येथील ग्राहकास पुष्कळ पेढ्यांचा माल आता प्रथम दिसतो तो संकेतस्थळाच्या पडद्यावर. तो वजन, रंग, शुद्धता व घाट निवडत जातो आणि पान न बदलता खालची यादी क्षणोक्षणी बदलत राहते. ही सोय मोठी. पण तिच्या पोटात दडलेले दोषही निराळ्या जातीचे असतात.

आमच्या परिचयातील एका पेढीत घडलेला प्रकार सांगण्याजोगा आहे. ग्राहकाने प्रथम प्रयोगशाळेत घडविलेल्या हिऱ्यांची यादी मागितली आणि लगोलग विचार बदलून ‘नैसर्गिक’ ही खूण केली. दोन्ही मागण्या सर्व्हरकडे गेल्या. दुसरीचे उत्तर आधी आले व यादी यथायोग्य दिसली. परंतु क्षणभराने पहिल्या मागणीचे रेंगाळलेले उत्तर येऊन त्याच यादीवर बसले. शीर्षक नैसर्गिक मालाचे आणि खाली माल प्रयोगशाळेचा! ग्राहकाने प्रमाणपत्राचा क्रमांक पडताळला म्हणून गोष्ट तेथेच थांबली. प्रतिरूपक व्यवहार हा अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांपैकी एक आहे, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. येथे कोणाच्या मनात कपट नव्हते. तरी पेढीची पत गेली असती ती गेलीच असती.

असा दोष माणसाच्या तपासणीत सहसा सापडत नाही. गुमास्ता दोन-चार वेळा बटणे दाबतो, सर्व ठीक दिसते, आणि तो ‘झाले’ म्हणून सांगतो. याकरिता स्वयंचलित कार्यतपासणीची साधने निघाली आहेत. ती स्वतः ब्राउझर उघडतात, माणसाप्रमाणे बटणे दाबतात, रकाने भरतात आणि अपेक्षित उत्तर आले की नाही हे पाहतात. त्यांतील सुविख्यात ‘सेलेनियम’ २००४ साली शिकागो येथे थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स यांनी आरंभिले. (सेलेनियम हा पाऱ्याच्या विषबाधेवरील उतारा म्हणून सांगितला जातो, आणि ‘मर्क्युरी’ म्हणजे पारा हे एका बलाढ्य प्रतिस्पर्धी कंपनीचे नाव होते, असा हा नामकरणाचा विनोद.) २०२० साली मायक्रोसॉफ्टचे ‘प्लेराइट’ आले. दोन्ही साधने विनामूल्य मिळतात. मुंबईत २०११ साली स्थापन झालेली ब्राउझरस्टॅक ही कंपनी तर नानाविध ब्राउझरांवर व खऱ्या मोबाइल यंत्रांवर तपासणी चालविण्याची सोय भाड्याने देते.

साधने मुबलक आहेत. अडचण येते ती संकेतस्थळाच्या बाजूने. साधु-साध्वी दिवसातून दोन वेळा वस्त्रांचे पडिलेहण करतात ते वस्त्र उलगडून. संकेतस्थळे मात्र बहुधा घडी घातलेल्या अवस्थेतच आपल्या हाती दिली जातात.

पहिली गोष्ट नावांची. ‘कप्प्यातील डावीकडून तिसरी पुडी काढ’ असे गुमास्त्यास सांगितले आणि मध्यंतरी कोणी एक पुडी उचलली, तर भलताच हिरा हाती येईल. म्हणूनच आपण पुडीवर क्रमांक घालतो. यांत्रिक तपासणी मात्र पुष्कळदा ‘तिसऱ्या चौकटीतील दुसरे बटण’ अशाच पत्त्यावर चालते व मांडणी बदलताच मोडते. काही प्रणाली दर वेळी आपोआप नवे आयडी देतात, तेही निरुपयोगी. यास्तव प्रत्येक महत्त्वाच्या बटणास व रकान्यास ‘डेटा-टेस्टआयडी’सारखे कायमचे नाव द्यावे आणि यादीच्या ओळीस त्या हिऱ्याचा साठाक्रमांक जोडावा. बटण हे नुसते चित्र न ठेवता ते बटण आहे अशी नोंद पानात असावी व त्यास वाचता येईल असे नाव असावे. दृष्टिहीनांचे पडदावाचकही याच नोंदींवर चालतात, हा आणखी एक लाभ.

दुसरी गोष्ट थांबण्याची, आणि माझ्या मते ही सर्वांत अवघड. पूर्वी प्रत्येक मागणीस संपूर्ण नवे पान येई. पान आले की काम झाले. जीमेल व गूगल मॅप्स यांनी पानाचा तुकडाच बदलण्याची रीत लोकप्रिय केली आणि २००५ साली जेसी जेम्स गॅरेट यांनी तिला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. तेव्हापासून काम केव्हा पुरे झाले हे यंत्रास कळेनासे झाले. माणूस फिरते चक्र पाहून थांबतो; यंत्रास ते सांगावे लागते. मग प्रोग्रामर ‘पाच सेकंद थांब’ असे लिहून मोकळा होतो. नेट मंद असेल त्या दिवशी पाच सेकंद अपुरे पडून निर्दोष पान सदोष ठरते. एरवी दोनशे पायऱ्यांच्या तपासणीत सोळा मिनिटांहून अधिक वेळ निव्वळ थांबण्यात जातो. खोटे इशारे दोन-चारदा मिळाले की लोक इशाऱ्यांकडे पाहणेच सोडून देतात.

यावर उपाय असा की यादीवरच ‘भरणे चालू’ व ‘भरून झाली’ अशी खूण संकेतस्थळाने स्वतः ठेवावी, आणि प्रत्येक मागणीस अनुक्रमांक द्यावा. वरील पेढीतील दोष या अनुक्रमांकानेच सुटला. शेवटच्या मागणीहून जुन्या क्रमांकाचे उत्तर आले तर ते टाकून द्यावयाचे. आता तेथील तपासणीत पहिले उत्तर मुद्दाम तीन सेकंद अडवून ठेवतात आणि अखेरीस यादीतील प्रत्येक ओळ नैसर्गिक मालाचीच आहे ना, हे पाहतात.

रंग ठरविताना पारखी मास्टर स्टोन समोर ठेवतो, तसा तपासणीसही न बदलणारा नमुना हवा. चालू साठ्यावर तपासणी केली तर सकाळचा हिरा दुपारी विकला गेलेला असतो. निराळ्या सर्व्हरवर वीस-पंचवीस काल्पनिक हिरे ठेवावे व प्रत्येक तपासणीपूर्वी ते पूर्ववत व्हावे. रॅपापोर्टचा भाव दर आठवड्यास निघतो. नमुन्यात तो गोठवावा. समजा, भाव प्रतिकॅरट ८,००० डॉलर धरला व वटाव ३० टक्के, तर १.५० कॅरटच्या हिऱ्याची किंमत ८,४०० डॉलर यावयासच हवी. तारीखही बाहेरून देता यावी, म्हणजे ३१ मार्चच्या मध्यरात्री बिलांचे क्रमांक नव्या वर्षाचे होतात की नाही हे जुलैमध्ये पाहता येते. ओटीपीऐवजी नमुना-सर्व्हरवर ठरावीक आकडा चालवितात. तो खऱ्या संकेतस्थळावर चालत नाही याचीही एक तपासणी अवश्य असावी.

फिरत्या हिऱ्याचे चित्र पुष्कळदा ‘कॅनव्हास’वर रंगविलेले असते व यंत्रास तेथे नुसता चौकोन दिसतो. शेजारी साठाक्रमांक मजकूररूपाने असला तर भलत्याच हिऱ्याचे चित्र मागविले गेले नाही एवढे पडताळता येते. झळाळी कशी दिसते, हे डोळ्यांनीच पाहावयाचे.

ही तयारी संकेतस्थळ घडत असताना स्वस्त पडते. मागाहून करावयाची म्हटली तर प्रत्येक पान पुन्हा उघडावे लागते. म्हणून ती करारपत्रातच लिहून घ्यावी. आरंभी पाच मार्ग पुरेत: प्रवेश, निवड, किंमत, जांगड व बिल. कंत्राटदार ‘आमचा माणूस तपासून देतो’ असे म्हणाला, तर त्यास महिन्याभराने एक बटण हलवावयास सांगावे, आणि त्यानंतर कोणकोणत्या तपासण्या चालल्या याची यादी कागदावर मागावी.